एकतीस मार्चच्या आत कळवणे

२१ नोव्हेंबर २००२

आली एकदाची. कसाऱ्याला चहाला थांबल्याचा ज्ञानेशचा फोन आला, तेव्हापासून मी फाटकाशी उभा. मंगल दोनदा बाहेर येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही उभे राहिलात म्हणून घाट लवकर संपणार आहे का?" तरी मी हललो नाही. अकरा वर्षांत पोरगा तीनदा आला, दर वेळी पंधरा दिवस. या वेळी तो राहायला आलाय. निदान राहून बघायला आलाय.

सूनबाई पहिल्यांदाच आल्या. सास्किया. हॉलंडची, ज्ञानेशच्या फुलांच्या कंपनीतलीच. चार वर्षांपूर्वी लग्न तिकडेच झालं, आम्ही फोटो पाहिले. फोटोत उंची कळत नाही. ओवाळायला मंगलला पाटावर चढावं लागलं. मग तिने भाकरतुकडा ओवाळला आणि टाकणार, एवढ्यात सूनबाईंनी हात पुढे करून तो घेतला आणि खाल्ला! वर "छान" म्हणाल्या. मंगल हसत हसत उंबऱ्यातच बसली. शेजारच्या बायका तर डोळे पुसत होत्या. ज्ञानेशचा चेहरा मात्र पडला. बायकोला त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी तोडून सांगितलं, ती लाल झाली. बिचारी! पहिल्याच पावलाला परकेपणाचा काटा.

जेवताना बेत कळला. गंगापूर गावालगतचा आपला दीड एकर मळा, आज त्यात झेंडू आणि शेवंती आहे. तिथे ज्ञानेश पॉलिहाऊस उभारणार, आत जरबेरा लावणार. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे काचेचा महाल उभा राहिला. पण कंपनीने त्याची जागा राखून ठेवलीय. बिनपगारी रजा आहे. एक जुलैला परत रुजू होणार की नाही, हे एकतीस मार्चच्या आत कळवायचं. हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जसं दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगावं. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

हात धुता धुता माझं मनाशी ठरलं. पोरगा आपला आहे, याच पाटाचं पाणी प्यालेला. प्रश्न तिचा आहे. ती इथे रुजली की तोही राहील.

२५ नोव्हेंबर

आजपासून शिकवणी. सकाळी साडेसात ते साडेआठ, ओट्यावर. मंगल म्हणाली, "आधी तिला 'पुरे' म्हणायला शिकवा, नाहीतर वाढणाऱ्या बायका तिला मारतील." मंगलला काव्याची दृष्टी नाही. चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं ते कवितेपासून. आधी चाल कानात बसते, मग शब्द, अर्थ सावकाश येतो, कधी कधी चाळिशीत येतो. कोणत्याच इयत्तेच्या पुस्तकात मला आपल्या मळ्यावरची कविता सापडली नव्हती, म्हणून एकाहत्तर साली वर्गासाठी मीच एक केली होती. तीच आज काढली:

मळ्यामधूनी पाट वाहतो हळूहळू गातो,
झेंडूच्या पिवळ्या कानाशी गुपित सांगुनी जातो.

तिसऱ्या वेळेला तिने ती अचूक चालीवर म्हटली. तिच्या तोंडून ऐकताना मला सातवी ब आठवली. खिडकीतून येणारं ऊन, पन्नास मुलांचा एक आवाज... आणि पहिल्या बाकावर ज्ञानेश. तेव्हा तोही माझ्याच वर्गात होता.

त्याला म्हटलं, तूही बस, तुझंही मराठी गंजलंय. तो म्हणाला, "नाना, मला मेल बघायला जायचंय," आणि कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेला. रोज जातो. तिच्या माहेरची खुशाली आणत असणार. फार जपतो तिला.

९ डिसेंबर

आज मजा झाली. कोपऱ्यावरच्या भाजीवालीपुढे सूनबाई उभ्या राहिल्या आणि चक्क चालीवर म्हणाल्या, "ताई, मज द्यावी कोथिंबीर हिरवी!" भाजीवालीने कोथिंबीर दिली, वर चार मिरच्या टाकल्या, म्हणाली, "अशी गाऊन मागितली तर कोण नाय म्हणंल?" लगेच तिथे बघ्यांची गर्दी झाली.

संध्याकाळी मी बरोबर असताना ज्ञानेशने त्याच भाजीवालीकडून मेथी घेतली. तिने सांगितले तेवढे पैसे दिले, भाव केला नाही. ती मागून म्हणाली, "सायेब फारीनचे झाले, भाव बी करीत नाय." लोक हसले. मीही हसलो, खरंच होतं ते. ज्ञानेश घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिला.

एक गोष्ट लक्षात आली. ज्ञानेशच्या मनगटावरचं घड्याळ अजून हॉलंडच्या वेळेवर आहे, साडेचार तास मागे. सूनबाईंनी आपलं पहिल्याच दिवशी बदललं. माहेरची वेळ बघावीशी वाटली तर तिला नवऱ्याच्या हातावर दिसावी, म्हणून ठेवलं असेल त्याने. असा संसार पाहिला की कविता वेगळी लिहावी लागत नाही.

३० डिसेंबर

पॉलिहाऊसचे पाइप मळ्यात येऊन पडल्याला महिना झाला. ते उभे करणारा सातपूरचा माणूस रोज 'उद्या येतो' म्हणतो. आज आठवा उद्या. दहाची वेळ दिली होती, साडेबाराला निरोप आला की मेव्हण्याचा साखरपुडा आहे. ज्ञानेश बांधावर उभा राहून ओरडला, "आमच्याकडे दहा म्हणजे दहा!"

भिका पाणी धरत होता. भिका आणि त्याची बायको कुसाबाई, दोघं पेठकडच्या डोंगरातली. भात कापून कामाला म्हणून खाली आली, ती वीस वर्षं आमच्या मळ्यावरच राहिली. भिका फावड्यावर रेलून शांतपणे म्हणाला, "मालक, तुमच्याकडं म्हंजी कुठं? हे बी तुमचंच हाय की."

ज्ञानेश बांधावरून उतरला. गाडी काढून निघून गेला.

सूनबाई त्या वेळी कुसाबाईशेजारी उकिडव्या बसून शेवंती खुडत होत्या. उकिडवं बसणं जमत नाही, दर पाच मिनिटांनी मागे कलंडतात, दोघी हसतात. कुसाबाईला सास्किया म्हणता येत नाही, ती 'लेकी' म्हणते. मी जवळ गेलो तर कुसाबाई म्हणाली, "नाना, लेक रुजली बगा. पर कलम कुठलं आन् पानी कुठं घालताय, जरा बगा."

डोंगरातल्या माणसांच्या बोलण्यात उपमा किती सहज येतात! वहीत लिहून ठेवावी म्हणून इथे लिहिली.

१४ जानेवारी २००३, संक्रांत

मंगलने सूनबाईंना काळी चंद्रकळा नेसवली आणि गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. नाव घ्यायला लावणार हे ठाऊक होतं, म्हणून मी आठ दिवस खपून एक उखाणा रचला होता. त्यात चंद्र होता, चकोर होता, गोदेचा घाट होता. तिने पाठही केला होता. आणि ऐन वेळी काय बोलली?

गंगेला पाणी, पतंगाला वारा,
ज्ञानेशराव घाईत, म्हणते थांबा जरा.

बायकांनी टाळ्या पिटल्या. कुसाबाईसुद्धा मागे उभी राहून हसत होती. म्हणजे हिनेच शिकवलं असणार. मला थोडं लागलं. पहिली ओळ बरी आहे, पण दुसरीत 'जरा' हे निव्वळ यमकासाठी ओढून आणलंय. ज्ञानेशलाही तो आवडला नसावा. दारात उभा होता, ऐकलं आणि जिना चढून गच्चीवर गेला.

गच्चीवर त्याचे शाळेतले दोस्त पतंग घेऊन आले होते. लहानपणी येवल्याच्या मामाकडून मांजाची आसारी आणायचा आणि अख्ख्या आळीचे पतंग कापायचा हा. आज पहिल्या पेचातच कापला गेला, मांजाने बोटही कापलं. दोस्त ओरडले, "हॉलंडवाले, तिकडे बटणावर उडतात काय पतंग?" मीही म्हटलं, "विसरलास रे सगळं!" तो हसला. बोटाला रुमाल बांधून खाली गेला, तो परत आला नाही. मग दोस्तांनी आसारी सूनबाईंच्या हातात दिली. तिचा पतंग समोरच्या गुलमोहरात अडकला तर सगळे म्हणाले, "वा वहिनी! पहिल्याच वेळी झाडापर्यंत!"

८ फेब्रुवारी

पाटाच्या कडेला सूनबाई रडताना दिसल्या. मी लांबूनच परतलो. ज्ञानेश थोडा वेळ आधी तिथून तावातावाने येताना दिसला होता. म्हणजे त्यालाही ते दुःख बघवलं नसणार. आईची आठवण! परक्या मुलखात पाणी वाहताना दिसलं की माणसाला आपलं गाव आठवतंच.

मंगलला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्हाला रडणारं माणूस दिसतं. न रडणारं दिसत नाही." मी म्हटलं, हे छान आहे, कुठे वाचलंस? तिने परातीवर हात आपटला.

अजून पन्नास दिवस आहेत. धडे वाढवायला हवेत.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट गेला. पहिल्यापासून लिहितो.

परवा महाशिवरात्र. त्र्यंबकला फुलं पुरवणारा व्यापारी खंडेराव सकाळी टेम्पो घेऊन मळ्यात आला. तीस कॅरेट माल ठरला होता, झेंडू आणि पांढऱ्या शेवंतीचा शेवटचा बहर. भिका आणि कुसाबाईंनी उजाडायच्या आत तोडून कॅरेट भरून ठेवली होती. सूनबाई कॅरेटपाशी गेल्या आणि एकेकात नाक खुपसून वास घेऊ लागल्या. तिकडे कंपनीत तिचं कामच ते. बुरशी धरायला लागली की डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते म्हणे. एक कॅरेट, दुसरं, तिसरं, इतक्या मन लावून की मी बघतच राहिलो. भुंगा आणि कमळ यावर मला काही सुचत होतं. ज्ञानेश पलीकडे पाइप मोजत होता, मधून मधून बघत होता. म्हणजे दोघंही तिथे होतो आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

खंडेराव पानाची पिंक टाकून म्हणाला, "थांबा. बाईंनी किती कॅरेटचा वास घेतला?"

"समद्यांचा," कुसाबाई म्हणाली. ती खोटं बोलत नाही.

"मग राहू द्या. वास घेतलेलं फूल देवाला कसं घालू? पुजारी दारात उभं करायचे नाहीत मला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी आई परडी घेऊन निघाली की आम्हाला नाक फिरवून उभं करायची. घरोघर पोराला पहिली अक्कल शिकवतात ती हीच, आणि मी भुंगा जुळवत होतो!

ज्ञानेश पुढे झाला. "अहो, वास घेतल्याने फुलाला काय होतं? काहीतरी लॉजिक पाहिजे ना!"

"फुलाला काय होत नाय साहेब," खंडेराव म्हणाला. "देवाला होतं."

"दीड एकराचा माल पडून राहील!"

"मी काय करू? आन् बाईंचं मी काही म्हणत नाय. ती परकी, तिला कोण सांगनार. पर तुमी? तुमी याच मळ्यात फुलं वेचून मोठे झाले ना? तुमाला बी आठवू नये? लय शिकलं का असं होतं?"

ज्ञानेशने एक कॅरेट लाथेने उडवलं. सगळा झेंडू पाटात. मग बायकोकडे वळून त्यांच्या भाषेत इतकं मोठ्याने बोलला की बांधावरचे बगळे उठले. आणि चालत निघून गेला, गाडीही न घेता.

खंडेराव खाली मान घालून झेंडू पाण्यातून काढायला लागला. चांगला माणूस आहे. सूनबाईंनी कुसाबाईला विचारलं, "मी काय केलं?" कुसाबाई म्हणाली, "लेकी, तू ताट वाढलंस, त्यातलं आधी आपन खाल्लंस, मंग देवापुढं ठेवलंस. तसं." सूनबाईंनी डोक्याला हात लावला. मग विचारलं, "लग्नाच्या मांडवाला वास चालतो?" खंडेराव म्हणाला, "मांडवाला काय, कायबी चालतं." दुपारभर दोघींनी आणि मंगलने झेंडूची तोरणं केली, भिकाने ती गंगापूर रोडच्या एका कार्यालयात पोहोचवली. शेवंती मात्र पडून राहिली.

२८ फेब्रुवारी

सकाळी मळ्यात गेलो आणि बघतो तर सूनबाई नाकातोंडावर भिकाचा पंचा करकचून बांधून फुलं तोडतायत. मागच्या पट्ट्यात न तोडलेला माल होता तो. खंडेरावला निरोप धाडला होता. तो आला, तिला बघितलं आणि टेम्पोच्या फळीला धरून हसायला लागला. "बाई, देवासाठी एवढं करू नका, श्वास तरी घ्या!" तिने पंच्याआडून हात जोडले आणि माझ्या चालीत म्हणाली, "घ्यावी फुले ही, घ्यावी." बावीस कॅरेट गेली.

घरी ज्ञानेशला सांगितलं तर म्हणाला, "तमाशा. लोक हसतात तिला."

"हसू दे," ती म्हणाली. "हसतात आणि फुलं घेतात."

डोळे लाल होते तिचे. मला त्यात सातासमुद्रापलीकडची उदासी दिसली. कुसाबाईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "झेंडूचा चीक गेला डोळ्यात, नाना."

१५ मार्च

सोळा दिवस राहिले. सिंहस्थासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेत, फिरायलाही जाता येत नाही. ज्ञानेश दिवसातून दोनदा सायबर कॅफेत जातो. पाइप तसेच पडलेत. सातपूरचा माणूस परवा खरोखरच आला होता, तर ज्ञानेशनेच त्याला परत पाठवलं, "बघू एप्रिलमध्ये" म्हणाला. म्हणजे बायकोने अजून होकार दिलेला नाही.

२९ मार्च

आज मी माझं म्हातारपण बाजूला ठेवलं आणि सूनबाईंकडे पदर पसरला. पुरुषाला पदर नसतो, पण दुसरा शब्द नाही.

शिकवणी संपली होती. मी चार दिवस घोकून ठेवलेलं बोललो. म्हटलं, "सूनबाई, तुमचा देश सुंदर आहे, तुमची आई तिथे आहे, मला सगळं समजतं. पण माझा मुलगा एकुलता एक आहे. त्याला परत नेऊ नका. इथे तुम्हाला काय कमी पडतं ते सांगा, मी आणून देतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग सावकाश, एकेक शब्द शोधत बोलली. चाल नव्हती आज.

"नाना, मी कुठे नेते? मला इथे आवडतं. कुसाबाईला मी शब्द दिला, जूनमध्ये शेवंती लावू. तुम्ही ज्ञानेशला विचारलं?"

"काय विचारायचं?"

"काहीही."

मी शिकवणीची वही मिटली.

"तुम्ही मला रोज विचारता, जेवण आवडलं? पाय दुखतात? आईचा फोन आला? सगळे विचारतात. भाजीवाली पण विचारते. त्याला कोणी नाही विचारत. तो इथला आहे ना, म्हणून." मग म्हणाली, "मी त्याला म्हणते थांब, थांब. पण मी किती म्हणणार?"

स्वयंपाकघराच्या दारात मंगल उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मागची पानं चाळली. घड्याळ, सायबर कॅफे, पतंग, पाटाकाठचं रडणं. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. चौतीस वर्षं मी मुलांना कवितेचा आशय लिहायला लावला.

३० मार्च

ज्ञानेश मळ्यात पाइपांच्या ढिगावर बसला होता. मी शेजारी बसलो. पाइप तापले होते, तरी बसलो. काय विचारावं सुचेना. समोर शब्द नाहीत अशी माझी वेळ फार येत नाही. शेवटी म्हटलं,

"ज्ञानू, तिकडे पहिल्या वर्षी कसं गेलं रे तुला?"

तो वळला. "आत्ता? अकरा वर्षांनी?"

"राहून गेलं विचारायचं."

त्याने चपलेने मातीत रेघ ओढली. मग सांगायला लागला. माळ्यावरची खोली, छप्पर इतकं उतरतं की खोलीच्या मध्यावरच सरळ उभं राहता यायचं. दुपारी साडेचारला अंधार. सायकलवर समोरून वारा असा की उतरून ढकलत न्यावी लागे. एकदा बरोबरच्या माणसाने 'कधीही ये' म्हटलं म्हणून हा संध्याकाळी सहाला त्याच्या घरी गेला. ते जेवायला बसले होते. त्यांनी याला बाहेरच्या खोलीत बसवलं, हातात वर्तमानपत्र दिलं आणि दार लोटून जेवण उरकलं.

"मी तो पेपर धरून बसलो, नाना. एक अक्षर वाचता येत नव्हतं. आतून काट्या-चमच्यांचा आवाज. मला वाटलं, हे मला माणसात धरत नाहीत. दोन वर्षांनी कळलं की तिकडची रीतच ती. जेवणाच्या वेळी जायचं नसतं, गेलं तर थांबायचं असतं. कोणी सांगितलंच नव्हतं. असं एकेक चुकून चुकून शिकलो."

"मला लिहायचंस रे."

"काय लिहू? तुमची पत्रं यायची. पाटावर धुकं कसं उतरलं, कण्हेर कशी फुलली. चार-चार पानं. मी ती मोठ्याने वाचायचो, कानावर मराठी पडावं म्हणून. फार सुंदर असायची, नाना. पण त्यात मला एकही प्रश्न नसायचा. उत्तर कशाचं देऊ?"

पाइप चटके देत होते. मी उठलो नाही.

"तिकडे आता मला कोणी हसत नाही," तो म्हणाला. "इथे आलो तर परत पहिलीत. आणि सास्किया चुकली की कौतुक, मी चुकलो की माज. भाव केला नाही, माज. पाणी उकळून प्यायलो, माज. फुलांचं विसरलो, तर शिकून शहाणा झाला. तिला शिकवायला तुम्ही सगळे आहात. मला येतंच असं धरून चाललात. मला नाही येत, नाना. मी विसरलोय इथलं. आठवायला गेलं की लाज वाटते, आणि मग राग येतो."

"तुला जायचंय."

"हो." आणि त्याने तळहाताने तोंड पुसलं. "सांगायला तोंड नव्हतं. बाहेरची ती राहते म्हणते आणि मी, इथला..."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी ते आठवत नाही. सातवी ब मध्ये तो माझ्यासमोर बसायचा तेव्हा इतर मुलांना वाटू नये म्हणून मी त्याला कधी प्रश्न विचारत नसे. ती सवय पुढे किती लांब गेली!

म्हटलं, "मग जा." आवाज ठीक निघाला असावा.

३१ मार्च

दोघांचं ठरलं. ज्ञानेश एक जुलैला रुजू होणार. सूनबाई दिवाळीपर्यंत राहणार, शेवंती निघेपर्यंत. कुसाबाईला शब्द दिलाय. मग त्या जातील, किंवा दोघं इकडे येतील, ते त्यांचं त्यांनी बघावं. मंगल सकाळभर भांडी घासत राहिली. दुपारी विचारलं, "विमानात लोणचं चालतं का रे? तेल न गळणारं घालीन." ज्ञानेश म्हणाला, "चालतं, आई." मग ती रडली आणि रडता रडता कैऱ्या आणायला पिशवी शोधू लागली.

मी म्हटलं, आज मी येतो तुझ्याबरोबर. सायबर कॅफे जिन्याखाली आहे, दोन माणसं एका खुर्चीत बसावीत इतकी अडचण. त्याने त्यांच्या भाषेत टाइप केलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं: "मी एक जुलैला कामावर येत आहे. माझी जागा राखून ठेवल्याबद्दल आभारी आहे. माझी पत्नी काही महिने माझ्या आईवडिलांकडे राहणार आहे." तीन वाक्यं. एवढं थोडक्यात मला कधी लिहिता आलं नाही.

पाठवायच्या जागी बाण नेला आणि त्याचं बोट थांबलं. शेजारच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर कसलंसं गाणं चालू होतं. ज्ञानेश पडद्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. माझ्या एका शब्दाने ते बोट मागे आलं असतं, हे मला दिसत होतं. या वेळी दिसत होतं.

"दाब," मी म्हटलं.

१ एप्रिल

आज संध्याकाळी पुन्हा बापलेक बसलो, ओट्यावर. सूनबाई कुसाबाईबरोबर मळ्यात होत्या. ज्ञानेश म्हणाला, "नाना, बोअर होईल तुम्हाला." मी म्हटलं, "मी काय करायचं ते मला सांगू नकोस. त्या माळ्यावरच्या खोलीच्या घरमालकिणीचं नाव काय होतं?" त्याने सांगितलं. मला ते तीनदा म्हणूनही जमलं नाही, तर तो हसला आणि चौथ्यांदा म्हणायला लावलं.

आम्ही अजून पहिल्या हिवाळ्यातच आहोत. ती बाई त्याला सूप आणून द्यायची, आणि त्यात मांस असेल म्हणून हा ते रोज बेसिनमध्ये ओतायचा, इथवर आलंय. अकरा वर्षं आहेत. एक जुलैच्या आत सगळी व्हायची तर एक दिवसही चुकवून चालणार नाही.

उद्या पाडवा. मंगल म्हणते, "सणाच्या दिवशी तरी पोराला सोडा."

सोडणार नाही.